येण्याचे कारण

दोन नंबरचा टँकर अकराला येतो. कधी दीडला येतो.

मुंबई हे मुळात सात बेटांचं शहर. हिवाळ्यात तिथली हवा फिरायला उत्तम. दोन दिवसांची सुट्टीही पुरते. (रविवारची पुरवणी, पान चार.)

"संडास खोलीतच हाय का बाहेर जावं लागतंय?" (फोनवर.)

पांढरं पातळ, घडीवर घडी, पिशवीच्या अगदी तळाला. त्यावर भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी.

दुधाची फॅट तीन पूर्णांक दोन. पाणी न घालता.

जमिनीवर वर्तमानपत्र. त्यावर कुशीवर झोपलेली एक बाई. डोक्याखाली तिच्याच चपला.

फोटोतली बाई केशरबाई आहे हे आधी ओळखलं ते आबासाहेबांनी.

ही गोष्ट दोन हजार चौदा सालच्या सात डिसेंबरची. आबासाहेब म्हणजे युसूफ वडगावच्या दूध संस्थेचे चेअरमन. गावात सगळ्यात जास्त जमीन त्यांची. त्यांनी संस्थेच्या टेबलावर पेपर पसरला आणि हाक मारली, "भारत, हे बघ बे! तुझी माय पेपरात आली!"

ते खरोखर खूश झाले होते, त्यात खोट नव्हती. चहासुद्धा सांगितला त्यांनी. दूध घालायला आलेली चार माणसं पेपरावर वाकली. संस्थेचा सचिव म्हणून भारतची खुर्ची टेबलाच्या पलीकडे होती, त्याला तो फोटो उलटा दिसला. उलटा असूनही त्यानं चपला ओळखल्या. डाव्या चपलेचा अंगठा त्यानंच तारेनं बांधून दिला होता. खाली छापलं होतं : दादर येथे उघड्यावर मुक्काम.

"न्हाई, आबासाहेब," भारत म्हणाला. "माझी माय न्हाई ती. तिच्यासारखी दिसती."

चार माणसांनी भारतकडे बघितलं, मग चहाकडे बघितलं. आबासाहेबांनी पेपराची घडी घातली.

केशरबाई दरवर्षी सहा डिसेंबरला बाबासाहेबांच्या दर्शनाला मुंबईला जायची. नवरा शहादेव होता तेव्हा त्याच्यासोबत, तो गेल्यावर सरूबाई आणि वस्तीतल्या बायकांसोबत. तेवीस वेळा गेली. मैदानात मांडव असायचा, मांडवात जागा नसली तर मैदान असायचं. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या वर्षी मात्र ती आली ती छातीत कफ घेऊन. केजच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बजावलं, "आता जमिनीला अंग लावायचं नाही."

म्हणून पुढच्या वर्षी भारतनं ठरवलं की माय मुंबईत कॉटवर झोपेल. हेच तो बायकोला, शिवकन्येला, सांगत होता आणि स्वतःलाही. एवढंच असतं तर बरं झालं असतं. पण तो पेपर अजून ट्रंकेच्या तळाशी होता. त्यानं तो मायला दाखवलाही नव्हता आणि चुलीतही घातला नव्हता.

*

पुढचं वर्ष दुष्काळाचं तिसरं. संस्थेत रोज सहाशे लिटर यायचं ते नव्वदवर आलं. जनावरं चारा छावणीत गेली. भारतच्या दोन गाई घेऊन शिवकन्या तिकडंच पाल टाकून राहिली. सकाळी नऊनंतर सचिवाला काम म्हणून उरलं नाही. टेबल होतं, वर पंखा, आणि फोन. भारतनं फोन लावायला सुरुवात केली.

दादर स्टेशनजवळचा लॉज : "पाच, सहा, सात का? त्या तीन दिवसांत आमच्याकडं रंगकाम असतं."
"दरवर्षी?"
"दरवर्षी."

त्याच्याच शेजारचा लॉज : एरवी नऊशे. त्या तीन दिवशी अठ्ठावीसशे, आणि खोलीत स्वयंपाक करायचा नाही, अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही.

एक धर्मशाळा : "समाज कोणता आपला?" भारतनं फोन ठेवला.

आमदार निवास : पत्र मिळेल, पण दोन कॉटांच्या खोलीत आधीच चौदा जणांची नावं होती.

चेंबूरचा चुलतभाऊ राधाकिशन : "ये की, त्यात काय इचारायचं! आमी नऊ जण हाव. दोघं जण उभं ऱ्हाऊ, तुमी निजा."

सगळे हसले त्यावर, राधाकिशनच्या घरातले मागचे आवाजसुद्धा. भारतही हसला. मग त्यानं तो पर्यायही खोडला.

शेवटी उपाय सांगितला तोही आबासाहेबांनीच. "आपल्या जिल्ह्याच्या दूध संघाचं विश्रामगृह हाय की दादरला. संस्थेच्या माणसाला एकशेवीस रुपये कॉट. अन् स्वच्छ हाय. मी उतरलोय. पत्र तेवढं लागतंय कामाचं."

"काम काय लिहू?"

"लिही काहीबी. चारा नियोजन बैठक. कोण बघतंय!"

*

विश्रामगृहाला फोन त्यानं घरून लावला. अकराचा टँकर त्या दिवशी अकरालाच आला होता. केशरबाई दारातल्या ड्रममध्ये पाइप धरून उभी होती. तिचं तोंड ड्रमकडे, पाठ भारतकडे.

पलीकडचा आवाज वयस्क आणि मोकळा होता. "वडगाव? युसूफ वडगाव? अहो मी तेलगावचा. सुंदरराव म्हणत्यात मला. इथं बावीस वर्षं झाली, पर बोलीवरून गाववाला कळतोच. पाऊस?"

"न्हाई."

"न्हाईच ना. बरं, दोन कॉटा लिहितो. एक इचारतो, राग मानू नका. सहा तारखेच्या गर्दीतले तर न्हाईत ना तुमी? वरून इचारायला सांगितलंय, म्हणून इचारतो."

"छे, छे," भारत म्हणाला. एकदा नाही म्हणून भागलं असतं, पण त्याची जीभ थांबेना. "माय हाय सोबत. म्हातारी हाय. मुंबई बघितली न्हाई तिनं. जरा फिरवावं म्हणलं, दोन दिवस."

"मग या की."

ड्रम भरला. त्याच्या काठावरून पाणी खाली आलं, उंबऱ्यावरून वाहिलं, मातीत गेलं. केशरबाईच्या हातून तांब्याभर पाणी कधी वाया गेलं नव्हतं. टँकरवाला ओरडला, "ओ मावशी, ध्यान कुठाय?" तेव्हा तिनं पाइप उचलला.

टँकर गेल्यावर ती ओल्या मातीकडे बघत म्हणाली, "बघितली न्हाई व्हय मी मुंबई?"

"माय, खोली मिळाया पायजे ना."

"हां." तिनं ड्रमवर झाकण ठेवलं. "मग काय काय बघायचं असतंय तिथं, ते सांगून ठेव बाबा. कुणी इचारलं तर."

*

पत्र भारतनंच टाइप केलं.

प्रति, व्यवस्थापक, विश्रामगृह, दादर. आमच्या संस्थेचे सचिव श्री. भारत शहादेव हे चारा नियोजन बैठकीसाठी मुंबई येथे येत असून सोबत त्यांच्या मातोश्री आहेत. तरी दोन कॉट उपलब्ध करून द्याव्यात ही विनंती.

आबासाहेबांनी चष्मा खाली ओढून पत्र वाचलं. तीस वर्षं निवडणुका लढवलेला माणूस. कागदावर काय नाही हे त्यांना आधी दिसायचं.

"आडनाव राहिलं की रे."

"चालतंय, आबासाहेब. ओळीत बसंना."

आबासाहेबांनी ओळीकडे बघितलं. ओळीत अजून चार आडनावं बसली असती. त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि विचारलं, "माझं तर पुरं हाय ना?"

"तुमचं पुरं हाय."

भारतला वाटलं, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

*

पाच तारखेला दुपारी ते पोचले. आरामगाडीत केशरबाई रात्रभर बसूनच होती. विश्रामगृह एका गल्लीत, तीन मजली, पिवळं. दारात टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरमागे सुंदरराव. बारीक अंगाचे, डोक्याला टोपी, पुढ्यात सोललेल्या मटारचं ताट.

"रामराम, माय!"

केशरबाईचे दोन्ही हात वर आले, ओठ हलले. "जय" एवढं भारतला ऐकू आलं. पुढचं ती गिळून बसली. हात मात्र तसेच जोडलेले राहिले.

"पहिल्यांदाच का मुंबई?"

"पहिल्यांदाच," केशरबाई म्हणाली. "लई मोठी हाय म्हणत्यात."

भारतनं रजिस्टर पुढं ओढलं. रकाने होते : नाव. गाव. संस्था. येण्याचे कारण. आपल्या ओळीत त्यानं भरभर लिहिलं. चारा नियोजन बैठक. खालच्या ओळीत केशरबाईचं नाव आणि गाव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं, तेव्हा त्यानं रजिस्टर मिटलं. सुंदररावांनी ते उघडलं, वाचलं, एक मटार तोंडात टाकला आणि किल्ली दिली.

जिन्याखाली भिंतीत संगमरवरी पाटी होती. वर संचालक मंडळाची नावं मोठ्या अक्षरात, खाली दोन ओळी बारीक. केशरबाई रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली होती. दिसेल ते अक्षर लावल्याशिवाय तिला पुढं जाववायचं नाही. तिनं पाटीवर बोट ठेवलं. "दू... दूध... उत्पा..."

"माय, चल. जिना चढायचाय."

"थांब की रे, वाचू दे."

"नंतर वाच." त्यानं तिचा दंड धरला. सुंदरराव बघत होते.

खोली चांगली होती. दोन कॉटा, हिरव्या चादरी, उशीवर संघाचा शिक्का, संडास आत. केशरबाई कॉटच्या कडेवर बसली, जशी दवाखान्यात बसते तशी. संध्याकाळभर मात्र ती खिडकीत उभी होती. खालच्या रस्त्यानं पांढऱ्या कपड्यातली माणसं जात होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, हातात निळे झेंडे.

"कुठल्या गावची असतील रे?"

"काय माहीत."

"त्या म्हातारीला धड चालता येईना. आपली भामाबाई अशीच चालती." मग पुन्हा, थोड्या वेळानं, "गादी लई मऊ हाय. पाठ कुठं ठेवावी कळंना."

*

सहा तारखेला ती पहाटेच उठली. अंघोळ करून आली आणि पिशवीच्या तळातून पांढरं पातळ काढलं. वर्षात एकदाच ते बाहेर यायचं. भारत बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "माय, खाली सुंदरराव बसल्यात. इथून निघताना ती पोपटी नेस. लग्नातली."

भारतला वाटलं, ती काही बोलेल. त्यानं नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. वर बघितलं तेव्हा पांढरं पातळ पिशवीत गेलं होतं आणि ती पोपटी साडीच्या निऱ्या घालत होती. जरीचे काठ, ब्लाउज वेगळ्याच रंगाचा.

"आज कुठं दौरा?" सुंदररावांनी विचारलं.

भारतनं तोंड उघडायच्या आत केशरबाई म्हणाली, "राणीचा बाग."

वीस मिनिटं चालले, पिशवी केशरबाईच्या खांद्याला. जसजसं मैदान जवळ आलं तसतसा रस्ता पांढरा होत गेला. त्यात ती पोपटी साडी लांबूनही दिसेल अशी. एका पोरीनं वळून बघितलं. एका म्हाताऱ्यानं बाजूला सरून वाट दिली, पाहुण्याला देतात तशी.

वडगावच्या बायका दरवर्षीच्याच कोपऱ्यात होत्या. सरूबाईनं लांबूनच हात केला. "जय भीम, केशरबाई! अगं, कुणाच्या हळदीला निघालीस?"

बायका खळखळून हसल्या. केशरबाईही हसली. "जय भीम, जय भीम. अगं, पोरानं नेसवली. म्हणतंय, मुंबईत माणसानं चांगलं दिसावं."

"आन तू कुठं उतरलास रे बाबा?" सरूबाईनं भारतला विचारलं. "काल मांडवात दिसला न्हाईस कावून?"

"त्यो," केशरबाई म्हणाली, "मुंबई बघाया आलाय."

तिनं टोमणा मारला नव्हता. तोंडावर रागाची रेघ नव्हती. त्यानंच पढवलेलं उत्तर, त्याच्या मदतीला म्हणून तिनं दिलं होतं. सरूबाईचं हसू हळूहळू थांबलं. भारतनं निळ्या झेंड्याच्या काठीकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

दोन बायकांनी चादर आडवी धरली. चादरीमागून केशरबाई बाहेर आली ती पांढऱ्या पातळात. पोपटी साडीची घडी तिनं भारतच्या हातावर ठेवली.

"खोलीवर घेऊन जा. त्या खोलीचंच हाय ते."

मग ती बायकांसोबत रांगेत गेली. भारत मागं रांगेत उभा राहिला, मध्ये पन्नासेक माणसं. घडी बगलेत. सकाळी एवढ्या गर्दीत ती एकटीच ओळखू येत होती. आता पुढं नुसत्या पांढऱ्या पाठी दिसत होत्या आणि त्यातली मायची कुठली हे त्याला सांगता येईना. सात तास रांग सरकली. त्याची पाळी आली तेव्हा हात जोडायला बगल सोडावी लागली आणि साडी खाली पडली. मागच्या माणसानं ती उचलून झटकून दिली. "दादा, तुमचं काही पडलं."

दिवस कलल्यावर तो वडगावच्या कोपऱ्यात आला. केशरबाई भाकरी मोडून वाटत होती.

"चल माय. खोलीवर."

"मी हितंच ऱ्हाते."

"डॉक्टरनं सांगितलंय—"

"सरूबाईनं औंदा रबरी चटई आणलीया. डॉक्टरला सांग, जमिनीला अंग लागत न्हाई."

"मग मीबी थांबतो."

"कशाला? भाडं भरलंय की." तिनं भाकरीचा तुकडा चटणीसकट त्याच्या हातात दिला. "जा. लई वेळ उभा होतास."

तो तिथंच बसला असता तर कुणी त्याला उठवलं नसतं. जागा होती. त्या बायकांतली छबुबाई सरकलीही होती. पण हातात ती साडी होती आणि सगळ्या बायका त्या साडीकडे बघायचं टाळत होत्या. तो उठला.

*

सात वाजता सुंदरराव टेबलाशीच होते. कपात चहा, बशीत टोस्ट.

"माय कुठाय?"

"नातेवाइकाकडं थांबली. चेंबूरला."

सुंदररावांनी टोस्ट चहात बुडवला. त्यांचं लक्ष भारतच्या बगलेतल्या साडीवर होतं. "बसा, सचिव. एक सांगू का? फोनवर तुमी म्हणलात, फिरायला. आधी आलेल्या पत्रावर हाय, बैठक. दोन कारणं सांगणारा माणूस तिसऱ्याच कामाला आलेला असतो. मला पाच तारखेच्या आधीच माहीत होतं."

भारत उभाच राहिला.

"मग खोली का दिली?"

"मला इचारायला सांगितलंय. मी इचारतो. न्हाई म्हणलात, माझं काम संपलं. दरवर्षी आठ-दहा जण असत्यात तुमच्यावाणी. कुणी मास्तर, कुणी ग्रामसेवक. सगळे न्हाईच म्हणत्यात."

"आणि कुणी हो म्हणलं तर?"

टोस्ट तुटून कपात पडला तरी सुंदररावांचं लक्ष नव्हतं.

"बावीस वर्षांत कुणी म्हणलं न्हाई," ते म्हणाले. "म्हणलं असतं तर मी काय केलं असतं, मलाबी ठाऊक न्हाई."

मग त्यांनी रजिस्टर फिरवून भारतपुढं केलं. "मायच्या ओळीत कारण राहिलंय. तेवढं भरा." आणि ते कप विसळायला आत गेले. जरा जास्तच वेळ नळ चालू होता.

भारतनं पेन घेतलं. केशरबाईच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिलं : सहा डिसेंबर. बाबासाहेबांना अभिवादन. तिच्या नावापुढं आडनावही लिहिलं. ते ओळीत बसलं.

वरची ओळ त्याची होती. भारत शहादेव. चारा नियोजन बैठक. पेनाचं टोक त्यानं त्या ओळीवर ठेवलं. खोडायला एक रेघ पुरली असती. शाईचा एक ठिपका उमटला, थोडा पसरला. आत नळ बंद झाला. भारतनं पेन टोपणात घातलं, रजिस्टर मिटलं आणि संगमरवरी पाटीजवळून जिना चढून वर गेला. खोलीतल्या दोन कॉटांपैकी एकीवर त्यानं पोपटी साडी ठेवली आणि दुसरीवर तो बसला.

पाटीवरच्या बारीक दोन ओळींत लिहिलं होतं : हे विश्रामगृह बांधण्यासाठी एकोणीसशे सत्याऐंशीपासून चार वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक दूध घालणाऱ्याकडून लिटरमागे पाच पैसे कापून घेतले होते. केशरबाई तेव्हा रोज सकाळी चार लिटर दूध घालायची.